दोन कडी, सहा पाकळ्या

नळाच्या जोडणीत एक तुकडा नर, दुसरा मादी. सुरुवातीची अंतराळयानेही तशीच जोडली जात: एकाच्या टोकाला दांडा, दुसऱ्याला नरसाळे. अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांनी मे १९७२ मध्ये एकत्र उड्डाणाचा करार केला, तेव्हा मादी कोणी व्हायचे हा पेच आला, असा किस्सा चवीने सांगतात. मानापमान होताच. पण व्यवहारी गरज अधिक मोठी होती: अडकलेल्या यानाच्या सुटकेला कोणीही गेले तरी जोडता यायला हवे, आणि दांड्यासमोर दांडा आला तर काय करणार?

सोव्हिएत बाजूने व्लादिमिर सिरोम्यात्निकोव्ह आणि नासाकडून कॅल्डवेल जॉन्सन यांनी यावर एकसारख्या दोन तोंडांचा तोडगा काढला. प्रत्येक यानाला एक कडे, त्यावर तीन पाकळ्या. ज्याने पुढाकार घ्यायचा त्याने कडे बाहेर काढायचे, दुसऱ्याने आत ठेवायचे. पाकळ्या एकमेकींत सरकून दिशा जुळवतात, मग खटके बसतात. मला यातली सर्वांत हुशार गोष्ट वाटते ती अशी की दोघांनी फक्त भेटीच्या जागेची मापे ठरवली. आतली रचना ज्याची त्याने केली. धक्का शोषायला अमेरिकनांनी तेलाचे दट्टे वापरले, सोव्हिएतांनी मोटर आणि दंतचक्रे. एकमेकांच्या कारखान्यात डोकावण्याची वेळ कमीत कमी यावी, हा हिशेबही त्यात असावा.

हवेचा प्रश्न वेगळाच होता. अमेरिकेच्या अपोलो यानात कमी दाबाचा शुद्ध ऑक्सिजन, सोव्हिएत सोयूझमध्ये पृथ्वीसारखी हवा. म्हणून मध्ये एक दालन घातले आणि सोयूझमधला दाबही उतरवला. १७ जुलै १९७५ रोजी अपोलोने पुढाकार घेतला. दोन्ही यानांचे कप्तान, स्टॅफर्ड आणि लिओनोव्ह, यांनी हात मिळवले. १९ जुलैला पाळी सोयूझची. त्या वेळी दोन्ही याने जोरात हेलकावली, पण जोडणी टिकली.

मैत्री लवकरच ओसरली. यंत्र मात्र सुधारत राहिले. सोव्हिएत शटल बुरानसाठी त्याची नवी आवृत्ती निघाली. बुरानला ती कधी वापरायला मिळाली नाही. जून १९९५ मध्ये तिच्या साहाय्याने रशियाच्या 'मीर' स्थानकाला जोडले गेले ते अमेरिकी शटल अटलांटिस. चिनी शेंझोऊ यानाची जोडणीही याच घराण्यातली दिसते. तरी २०११ पासून अमेरिकी कायदा नासाला, खास परवानगीशिवाय, चीनशी थेट सहकार्य करू देत नाही.

१६ जानेवारी २०२५ रोजी भारताच्या स्पेडेक्स मोहिमेत प्रत्येकी सुमारे २२० किलोचे दोन उपग्रह जोडले गेले. त्यांचीही तोंडे एकसारखीच होती.