स्टार्टअप सोडून जाहिरातींकडे: एका क्लिकचा हिशोब

मागच्या एपिसोडनंतर सगळ्यात जास्त आलेला प्रश्न एकच: "स्वतःचं स्टार्टअप सोडून तू डिजिटल मार्केटिंगमध्ये कशाला गेलास?" एकाने तर सरळ विचारलं, "बीटेक करून जाहिराती?" हे वाक्य घरी ऐकून झालंय, त्यामुळे आता काही वाटत नाही. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं पडतं त्यांच्यासाठी हा एपिसोड थोडा आवरून लिहून देतोय.

तर, मी आणि माझा कॉलेजचा रूम पार्टनर, आम्ही पुण्यात मेस शोधायचं ॲप काढलं होतं. सदाशिव पेठेत एमपीएससी करणारी ढीगभर मुलं राहतात, गल्लोगल्ली मेस आहेत, आणि आज कुठे कुठली भाजी आहे ते तिथे गेल्यावरच कळतं. आम्हाला वाटलं, एवढं सोडवलं की झालं. वर्षभर कोड लिहिला. आजचा मेनू, कूपन, पेमेंट, सगळं. ॲप चांगलं होतं, हे मी आजही म्हणेन. वापरायला माणसं नव्हती, एवढंच.

मग गूगलवर जाहिराती केल्या. आता हिशोब बघा, समजायला ढोबळ आकडे घेतो. एका क्लिकला १२ रुपये धरा. १०० क्लिक म्हणजे १२०० रुपये, वरचा जीएसटी सोडून देऊ. त्या १०० जणांतले २० जण ॲप इन्स्टॉल करणार, ४ जण नीट उघडून बघणार, आणि १ जण खरंच मेस लावणार. म्हणजे एक गिऱ्हाईक आणायला १२०० रुपये. याला या धंद्यात कॅक म्हणतात, कस्टमर ॲक्विझिशन कॉस्ट. आता मिळकत. मेसचे महिन्याला २८०० रुपये, त्यावर आमचं कमिशन ५ टक्के, म्हणजे १४०. मुलगा चार महिने टिकला तर ५६०. बाराशे घालून पाचशे साठ! कोड कितीही सुंदर लिहा, हे गणित बसत नाही.

बरं, हे फक्त आमच्यासारख्या येड्यांचंच होतं असं नाही. ड्रॉपबॉक्सच्या ड्रू ह्यूस्टनने २०१० मध्ये जाहीरपणे सांगितलं होतं की ९९ डॉलरचं प्रॉडक्ट विकायला गूगलच्या जाहिरातींवर एका गिऱ्हाईकामागे २३३ ते ३८८ डॉलर जात होते. त्यांनी मग मित्राला बोलवा, दोघांनाही जादा स्टोरेज फुकट, अशी स्कीम काढली. सप्टेंबर २००८ मध्ये त्यांचे १ लाख युजर होते, जानेवारी २०१० मध्ये ४० लाख. आमच्याकडे फुकट द्यायला काही नव्हतं. फुकट पोळी जाहीर केली असती तर काकूंनी लाटणं उगारलं असतं.

काकू म्हणजे आमच्या ॲपवरच्या एका मेसच्या मालकीण. एक दिवस म्हणाल्या, "तुझं ॲप राहू दे रे, मला डबे वाढवून दे. पैसे देते." मी त्यांचं गूगल मॅपवरचं प्रोफाइल नीट केलं, थाळीचे खरे फोटो टाकले, आणि दाबली की थेट काकूंचं व्हॉट्सॲप उघडेल अशी जाहिरात लावली.

आता तोच हिशोब परत करा. एक मुलगा आणायला तेच १२०० रुपये धरा. काकूंना खर्च जाऊन एका मुलामागे महिन्याला ७०० सुटत असतील तर चार महिन्यांत २८००. ज्या क्लिकवर आम्ही बुडत होतो, त्याच क्लिकवर काकू कमावत होत्या. शिवाय इन्स्टॉलची मधली पायरीच गेली, म्हणजे खर्च आणखी कमी. हे कागदावर मांडलं तेव्हा मी आणि पार्टनर बराच वेळ काही बोललोच नाही.

ॲप बंद केलं. पार्टनर नोकरीला लागला, सहा महिने माझ्याशी धड बोलला नाही. मी एका एजन्सीत ज्युनिअर म्हणून लागलो, कॅम्पसच्या पॅकेजपेक्षा कमी पगारावर. बॉस माझ्याहून तीन वर्षांनी लहान, बीकॉम. काल फाउंडर, आज रात्री अकराला क्लायंटला रिपोर्ट पाठवणारा. हे सोपं गेलं असं म्हणणार नाही.

इंजिनिअरिंग मात्र वाया गेलं नाही. एप्रिल २०२१ मध्ये आयओएस १४.५ आलं, ॲपना ट्रॅकिंगसाठी परवानगी मागणं सक्तीचं झालं, आणि फेसबुकच्या जाहिरातींचा बराच डेटा दिसेनासा झाला. आता तो सर्व्हरवरून पाठवावा लागतो, म्हणजे कोड आलाच. गूगलचा लिलावही तसाच. जास्त बोली लावणारा जिंकतोच असं नाही. जाहिरात लोकांच्या शोधाशी किती जुळते, पुढचं पेज कसं आहे, हेही मोजलं जातं, आणि ते चांगलं असेल तर क्लिक स्वस्तात पडू शकतो. पेज फास्ट करणं मला येत होतं.

शब्द येत नव्हते. आमच्या जाहिरातीत होतं 'होम-कुक्ड मील प्लॅटफॉर्म'. असं कोण शोधतं? मुलं टाइप करतात 'घरगुती डबा', 'मेस निअर मी'. काकूंच्या जाहिरातीत सगळ्यात चाललेली ओळ त्यांनीच सांगितलेली: "खाडे वजा होतात. रविवारी फीस्ट." मेसला जेवलेल्या माणसाला यापुढे काही समजवावं लागत नाही. मी वर्षभर कोड लिहीत बसलो आणि एकदाही त्यांना विचारलं नव्हतं की मुलं पहिल्यांदा आल्यावर काय विचारतात.

तुम्हीही या फांदीवर उडी मारायच्या विचारात असाल तर महागडा कोर्स घ्यायच्या आधी ओळखीतलं एखादं छोटं दुकान, क्लास, मेस धरा आणि वरचा हिशोब त्यांच्या आकड्यांनी करा. त्यात मजा आली तर पुढचं बघू.

काकूंची जाहिरात सध्या बंद आहे. परवा त्यांचाच फोन आला होता, "थांबव रे बाबा, पोळ्या लाटायला बाई मिळेना झालीये."