बागुलबुवा कर्नल कसा झाला?

'बोगी' म्हटले की आमच्या डोळ्यांपुढे उभा राहतो तो आगगाडीचा डबा. त्यामुळे गोल्फच्या सामन्याचे वर्णन ऐकताना अमुक खेळाडूची 'बोगी' झाली असे प्रथम कानी पडले, तेव्हा आम्ही बुचकळ्यातच पडलो. शोध घेता कळले ते असे, की या बोगीचे नाते आगगाडीशी नाही. ते आहे थेट बागुलबुव्याशी!

गोल्फमध्ये चेंडू प्रत्येक खळग्यात किती टोल्यांत जावा याचा आकडा ठरलेला असतो. त्याला 'पार' म्हणतात. त्याहून एक टोला अधिक लागला की झाली 'बोगी'. म्हणजे आज हा शब्द उणेपणाचा. जन्मतः मात्र तो तसा नव्हता.

इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथील गोल्फ क्लबचे चिटणीस ह्यू रॉदरहॅम यांनी १८९० साली एक कल्पना काढली. चांगल्या खेळाडूला प्रत्येक खळग्यासाठी किती टोले लागावेत हे ठरवावे आणि प्रत्येकाने त्या आकड्याशीच सामना खेळावा. ग्रेट यार्मथ क्लबचे चिटणीस डॉ. ब्राउन यांनी ती उचलली. तेथे खेळताना वेलमन नावाचे गृहस्थ जेरीस आले आणि, हा तुमचा खेळाडू म्हणजे निव्वळ बागुलबुवाच आहे, असे डॉक्टरांना म्हणाले, अशी हकीकत सांगतात. इंग्रजीत बोगी म्हणजे भूत, मुलांना भिवविण्याचा बागुलबुवा. त्या सुमारास बागुलबुव्यावरचे एक गाणेही लोकांच्या ओठी होते. नाव चिकटले ते चिकटलेच.

पुढे १८९२ मध्ये गॉस्पोर्टच्या लष्करी क्लबात हे पाहुणे पोहोचले. तेथला प्रत्येक सभासद हुद्देदार. साध्या 'मिस्टर' बोगीशी सामना कसा खेळायचा? म्हणून त्याला कर्नल करण्यात आले. १९१४ साली याच नावाची एक लष्करी धून निघाली. 'द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय' या १९५७ च्या चित्रपटातील शिटीवरची धून ती हीच.

इकडे रबरी गाभ्याचा नवा चेंडू आला, तो दूर जाऊ लागला आणि टोले कमी लागू लागले. अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने १९११ साली अंतरावरून पार ठरविला, तो निष्णातांच्या मापाने. जुनी बोगी मात्र बहुधा जागच्या जागी राहिली आणि पारच्या एक पायरी खाली गेली. कालचा आदर्श आज चूक ठरला!

गंमत अशी, की पार ७२ असलेल्या मैदानावर प्रत्येक खळग्याला बोगी केली तर बेरीज ९० होते, आणि ती जमली तर कितीतरी हौशी खेळाडू धन्यता मानतात.

वाचकहो, कर्नल बोगी कधी थकत नाही, कधी चुकत नाही. कारण तो मुळी नाहीच. परीक्षेचे निकाल लागले की आपल्या घरांतही असा एक कर्नल येऊन बसतो. मुलाला त्याच्याशी झुंजविण्यापूर्वी, हे माप कोणी आणि कोणासाठी ठरविले, एवढे तरी आपण विचारावे.