फुकटचा पेला आणि कायदा

‘फुकट ते पौष्टिक’ असे आपण थट्टेने म्हणतो. व्यापारी मात्र ते थट्टेने म्हणत नाही. नव्या मालाचा नमुना चार दिवस फुकट वाटला की पाचव्या दिवसापासून गिऱ्हाईक स्वतःच्या पैशाने घेऊ लागते, हे त्याला पक्के ठाऊक असते. आपल्या देशात चहा घरोघर पोचला तो असाच. १९३० च्या सुमारास चहाच्या व्यापाराचा प्रसार करणाऱ्या मंडळाची माणसे किटल्या घेऊन बाजारात, जत्रेत, रेल्वे स्टेशनावर जात आणि लोकांना पेला पेला चहा फुकट पाजीत. आज चहावाचून आपली सकाळ होत नाही. फुकटच्या पेल्याची ताकद एवढी असते.

आता हाच पेला दारूचा असला तर? एखाद्या कंपनीने समारंभ भरवावा, गाणेबजावणे ठेवावे, आणि आलेल्या लोकांना आपल्या नव्या मद्याचा घोटभर नमुना फुकट द्यावा, याला कायद्याची आडकाठी आहे काय? पुष्कळ सुशिक्षित मंडळीही आम्हाला सांगतात, “विकली तर गुन्हा; फुकट दिली तर कसला आला गुन्हा?” या समजाची छाननी करण्यासाठी हा लेख आहे.

आपल्या राज्यातील मूळ कायदा १९४९ चा. त्या वेळी त्याचे नाव मुंबई दारूबंदी अधिनियम होते; आज तो महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम म्हणून ओळखला जातो. राज्यात सरसकट दारूबंदी आता नाही, तरी कायदा तोच आहे आणि त्याची मांडणी ध्यानात घेण्यासारखी आहे. इतर व्यवहारांत सामान्यतः सगळे मोकळे असते आणि कायदा काही गोष्टींना मनाई करतो. येथे उलट आहे. येथे सगळ्याला मनाई असून परवान्याने काही गोष्टींना मोकळीक मिळते. कलम १२ पाहा. दारू तयार करणे, आणणे, नेणे, जवळ बाळगणे, विकणे आणि विकत घेणे या सर्वांना त्यात मनाई आहे. कलम १३ प्रमाणे पिण्यालाही मनाई आहे. परवाना किंवा परमिट असेल तर त्यातील अटींपुरती ही मनाई दूर होते.

म्हणजे विक्री ही त्या साखळीतली एक कडी झाली. फुकट पाजणारा विकत नसेल. पण त्याने बाटल्या कोठून तरी आणल्या, जागेवर बाळगल्या, आणि लोक त्या जागी प्याले. या प्रत्येक गोष्टीला कायद्याची परवानगी लागते. पैसे घेतले नाहीत म्हणून बाळगणे आणि पिणे नाहीसे होत नाही. ‘सार्वजनिक पिण्याची जागा’ चालविणे हाही या कायद्याने वेगळा गुन्हा आहे. अशा जागेची व्याख्या करताना कायद्याने केवळ पेल्याची किंमत पाहिलेली नाही. जागा चालविणाऱ्याला कोणत्याही मार्गाने लाभ होत असेल तरी ती जागा त्या व्याख्येत येऊ शकते. फुकट पाजून उद्याचे गिऱ्हाईक बांधणाऱ्याला लाभ होत नाही, असे कोण म्हणेल?

पिणाऱ्याच्या बाजूनेही अटी आहेत. आपल्याकडे पिण्याचे परमिट ‘प्रकृतीच्या रक्षणासाठी’ या नावाखाली दिले जाते. ते एक दिवसाचे, एक वर्षाचे किंवा आजीव मिळते. त्याला वयाची अट आहे : तीव्र मद्यासाठी पुरी २५ वर्षे, बियरसारख्या सौम्य मद्यासाठी २१. तेव्हा कॉलेजातल्या एकोणीस वर्षांच्या मुलाच्या हाती समारंभात फुकटचा पेला दिला, तर तो देणे आणि घेणे दोन्ही कायद्याबाहेरचे आहे.

मग नाशिककडे द्राक्षाच्या वाइनची चव घेण्यासाठी मुंबई-पुण्याची माणसे जातात, ते कसे? राज्य सरकारने २००१ साली द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले. त्यानंतर नाशिक जिल्ह्यात वायनरी उभ्या राहिल्या आणि काहींनी चव घेण्याच्या खोल्या काढल्या. तेथे जागेला परवाना आहे, येणाऱ्यांना वयाची अट आहे आणि हिशेब ठेवावा लागतो. एखाद्या मेजवानीसाठी किंवा समारंभासाठीही तात्पुरता परवाना मिळतो. म्हणजे चव देणे हे मुळातच अशक्य नाही. मात्र ते परवान्याच्या कुंपणात झाले पाहिजे. चौकात तंबू ठोकून, येईल त्याला घोट देण्याची मुभा कोणालाही नाही.

दुसरा भाग जाहिरातीचा. याच कायद्याच्या कलम २३ व २४ मध्ये मादक पदार्थाची भलावण करण्यास, तो घेण्याची गळ घालण्यास आणि तो देऊ करण्यास मनाई होती. एफ. एन. बलसारा या मुंबईच्या नागरिकाने या कायद्याला न्यायालयात आव्हान दिले आणि २५ मे १९५१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. घटनेने दिलेले भाषणस्वातंत्र्य नवे होते. न्यायालयाने ठरविले की, एखाद्याने मद्याची नुसती स्तुती केली म्हणून त्याला गुन्हेगार धरता येणार नाही. तेवढा भाग रद्द. परंतु गळ घालणे आणि देऊ करणे यांवरची बंदी शाबूत राहिली. हा भेद आम्हाला फार उपयोगाचा वाटतो. आपल्या ओट्यावर बसून ‘मोहाची दारू काय छान असते’ असे कोणी म्हणाला, तर ते त्याचे मत झाले. पण कंपनीचा माणूस पेला पुढे करून ‘घ्या साहेब, आजच्या दिवशी फुकट’ म्हणाला, तर ते मत राहिले नाही. तो धंदा झाला.

पुढे दूरदर्शनसंचाचा काळ आला. केबल टेलिव्हिजनच्या १९९४ च्या नियमांत मद्याच्या जाहिरातीला मनाईची तरतूद आली. तेव्हा धंद्याने वेगळी वाट काढली. त्याच नावाचा सोडा, त्याच नावाचे पाणी, त्याच नावाचा गाण्यांचा जलसा! बाटली दिसत नाही, नाव मात्र कानावर आदळत राहते. ग्राहक संरक्षणाच्या २०१९ च्या कायद्याखाली ९ जून २०२२ रोजी केंद्रीय प्राधिकरणाने जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत अशा आडमार्गाच्या जाहिरातींना स्पष्ट मनाई आहे. तेव्हा एखाद्या जलशाच्या कमानीवर सोड्याचे नाव दिसले, तर तो सोडा आपल्या गावच्या दुकानात खरोखर विकला जातो काय, एवढे विचारून पाहावे. उत्तरात बरेच कळते.

कोणी विचारील, एवढ्या एका घोटासाठी कायद्याने इतका काथ्याकूट कशाला करावा? त्याचे उत्तर आपल्या खानदेशच्या इतिहासात आहे. १८७८ च्या आबकारी कायद्यानंतर दारू गाळणे आणि विकणे हे सरकारी मक्त्याचे काम झाले. सातपुड्यातल्या आदिवासीला स्वतःच्या दारातल्या मोहाची दारू गाळणे गुन्हा ठरले, आणि मक्तेदाराच्या दुकानात उधारीवर पिणे कायदेशीर ठरले. उधारीचा पेलाही पिताना फुकटच वाटतो. त्याची किंमत पुढे धान्याने, जनावराने, शेवटी जमिनीने चुकवावी लागते. १९२२-२३ मध्ये देवीची चळवळ डहाणू-पालघरच्या किनाऱ्याकडून पश्चिम खानदेशात आणि सुरतेकडे पसरली. सालाबाई देवीची आज्ञा म्हणून हजारो आदिवासींनी दारू सोडली आणि दुकानांवर बहिष्कार घातला. पुढे तळोद्याच्या बाजूला गुलाम महाराजांनी आणि त्यांच्या मागून रामदास महाराजांनी हाच उपदेश केला. १९७२-७३ मध्ये शहाद्याकडे अंबरसिंग महाराज आणि श्रमिक संघटना यांच्या काळात भिल्ल स्त्रियांनी दारूची मडकी फोडली. शहादा-तळोदा हा मुलूख १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यातच होता. या स्त्रिया कायद्याचे पुस्तक वाचून उठल्या नव्हत्या. मजुरी घरी पोचत नाही, एवढे त्यांना दिसत होते.

कामगारांच्या चळवळीत तीस वर्षे वावरल्यामुळे हा मुद्दा आम्हाला अधिक जाणवतो. हंगामावर माणसे नेणारा एक मुकादम आमच्या पाहण्यात होता. उचल देण्याच्या संध्याकाळी तो सर्वांना पोटभर पाजी आणि मग कागदावर अंगठे घेई. सकाळी कोणाच्या नावावर किती उचल लिहिली, हे कोणालाच आठवत नसे. पाजण्याचा खर्चही उचलीतच धरलेला असे. जगभर हेच घडत आले आहे. दक्षिण आफ्रिकेच्या द्राक्षमळ्यांत मजुरांना रोजच्या मजुरीचा काही भाग वाइनच्या पेल्यांनी देत; त्या पद्धतीला ‘डॉप’ म्हणत. पिढ्यान् पिढ्या व्यसनात गेल्या आणि शेवटी ती पद्धत कायद्याने बंद करावी लागली. इंग्लंडात तर मजुरी गुत्त्यात वाटण्याची चाल होती. १८८३ साली पार्लमेंटने ती बंद केली. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेच्या १९४९ च्या ९५ क्रमांकाच्या करारात म्हटले आहे की, तीव्र मद्याच्या रूपाने मजुरी कोणत्याही परिस्थितीत देता कामा नये. आपल्याकडे १९३६ च्या वेतन कायद्याने मजुरी चालू नाण्यात वा नोटांत देण्याचे बंधन घातले, त्यामागेही हीच शहाणीव होती.

आता निवडणुकीकडे वळू, कारण फुकटच्या पेल्याची सर्वांत मोठी बाजारपेठ ती आहे. मतदाराला खाणेपिणे देऊन वळवणे हा लाचेचाच प्रकार आहे, असे आपल्या दंडसंहितेत १९२० पासून लिहिलेले होते आणि २०२३ च्या भारतीय न्याय संहितेतही ते कायम आहे. पण गंमत अशी की, रोख लाचेला कैद होऊ शकते आणि खाऊपिऊ घालण्याला फक्त दंड! लोकप्रतिनिधित्वाच्या १९५१ च्या कायद्यात १९९६ साली कलम १३५-क घातले गेले. त्याप्रमाणे मतदान संपण्याच्या वेळेआधीच्या ४८ तासांत मतदानक्षेत्रात दारू विकता, देता किंवा वाटता येत नाही. जागा सार्वजनिक असो की खासगी, मनाई सारखीच. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ‘देता’ आणि ‘वाटता’ हे शब्द वाचकांनी अधोरेखित करावेत. फुकट दिली तर गुन्हा कसला, या प्रश्नाचे उत्तर तेथे छापलेले आहे.

दुसऱ्या देशांत पिणे सर्रास चालते. तेथे काय आहे? वाइनचे माहेरघर असलेल्या फ्रान्सनेही २००९ साली अमर्याद फुकट मद्य देण्याच्या मेजवान्यांना बंदी केली, आणि चव घेण्याच्या रीतसर कार्यक्रमांना तेवढी सूट ठेवली. ब्रिटनने २०१० पासून परवानाधारकांवर अट घातली की, बेजबाबदार पिण्याला उत्तेजन देणारी फुकट वा ‘हवी तेवढी प्या’ अशी आमिषे ठेवू नयेत. म्हणजे दारूबंदीचे तत्त्व न मानणाऱ्यांनाही फुकटच्या पेल्याचे भय वाटते.

विरुद्ध बाजूही न्यायाने ऐकली पाहिजे. द्राक्षबागाईतदार म्हणतो, माझ्या मालाला भाव हवा, आणि चव दिल्याशिवाय वाइन खपत नाही. त्याचे म्हणणे खोटे नाही. २७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांत वाइन ठेवण्यास मान्यता दिली, तेव्हा हेच कारण पुढे केले होते. लोकांच्या विरोधानंतर तो निर्णय अमलात आला नाही. दुसरा म्हणतो, जाणत्या माणसाने काय प्यावे हे सरकारने का ठरवावे? हाही प्रश्न टाळण्याजोगा नाही. आमचे उत्तर एवढेच की, जाणत्या माणसाने स्वतःच्या पैशाने, परवान्याच्या जागी, विचार करून घ्यावयाचा निर्णय वेगळा. आणि दुसऱ्याने हेतू धरून त्याच्या हातात ठेवलेला पेला वेगळा. पहिल्यात माणूस गिऱ्हाईक असतो. दुसऱ्यात तोच माल असतो. राज्यघटनेच्या ४७ व्या कलमाने मादक पेयांच्या बंदीचा प्रयत्न करणे हे राज्याचे कर्तव्य सांगितले आहे, आणि दारूचा धंदा हा मूलभूत हक्क नव्हे असे सर्वोच्च न्यायालयानेही १९९४ साली सांगितले आहे. तेव्हा धंद्यावर अटी घालणे हे नागरिकाच्या स्वातंत्र्यावर घाला घालणे होत नाही.

कायदा आहे, पण तो हलवणारे हात लागतात. असा समारंभ आपल्या गावात होत असेल तर तीन प्रश्न विचारावेत : जागेला परवाना आहे काय? येणाऱ्यांची वये पाहिली जातात काय? आणि कोणाला पेला घेण्याची गळ घातली जाते काय? उत्तर समाधानकारक नसेल तर जळगाव आणि धुळे येथे राज्य उत्पादन शुल्क अधीक्षकांची कार्यालये आहेत. तेथे लेखी तक्रार द्यावी आणि पोच घ्यावी. पोच न घेतलेली तक्रार केलीच नव्हती असे समजावे, हा आमचा युनियनचा अनुभव. दुकानच नको असेल तर २००८ च्या आदेशाप्रमाणे गावातील किंवा वॉर्डातील २५ टक्के महिला मतदारांनी अर्ज करावा. मग उभी बाटली की आडवी बाटली असे गुप्त मतदान होते, आणि एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडली तर दुकान बंद होते.

मजुराला आम्ही सभेत नेहमी एक हिशेब करायला सांगतो, तो येथे जमलेल्या शहरवासीयांनाही लागू आहे. पेला हातात आला की त्याची किंमत विचारावी. देणाऱ्याने ‘काही नाही’ म्हटले, तर ती कोण, केव्हा आणि कशाने भरणार हे विचारावे. सातपुड्यातल्या बायकांनी हा हिशेब केला होता. आपल्याला तर लिहिता-वाचता येते.