टाकी फुल्ल, तरी गॅस कमी!

सीएनजी रिक्षावाल्यांची एक नेहमीची तक्रार असते. माझा मामाही तेच म्हणतो. तो मूळचा आमच्या आदिलाबादचा, आता मुंबईत रिक्षा चालवतो. "दुपारी टाकी फुल्ल केली, चहा पिऊन आलो, तर काटा खाली! पंपवाले मापात मारतात." मामाचं निरीक्षण खरं आहे, आरोप मात्र तपासून पाहायला हवा.

सीएनजी म्हणजे मुख्यतः मिथेन. पंपावर तो गाडीच्या टाकीत सुमारे २०० बार दाबापर्यंत भरतात. सायकलच्या ट्यूबमधली हवा सोडली की ती गार लागते. मग जास्त दाबाच्या नळीतून कमी दाबाच्या टाकीत आलेला गॅस गरम का होतो?

दादरला लोकलमध्ये आपण चढत नाही, मागचा लोंढा आपल्याला आत ढकलतो. नळीतही तेच. मागचा गॅस पुढच्या गॅसला ढकलताना कार्य करतो आणि ती ऊर्जा टाकीतच अडकते. निर्वात टाकीत आदर्श वायू भरला आणि उष्णता बाहेर जाऊच दिली नाही, तर आतलं निरपेक्ष तापमान नळीतल्या तापमानाच्या गॅमा पट होतं. गॅमा म्हणजे स्थिर दाबाच्या आणि स्थिर आकारमानाच्या विशिष्ट उष्माधारकतेचं गुणोत्तर. मिथेनसाठी ते सुमारे १.३ आहे. म्हणजे नळीत २७ अंश, तर टाकीत ११७ अंश सेल्सिअस!

प्रत्यक्षात एवढं होत नाही. टाकी पूर्ण रिकामी नसते, पोलाद बरीच उष्णता शोषतं आणि झडपेतून जाताना मिथेन थोडा गारही होतो. पण समजा, आतला गॅस ६० अंशांवर असताना दाब २०० झाला आणि पंप थांबला. गॅस ३० अंशांवर आला की दाब १८२ बारपर्यंत उतरतो. खरा मिथेन आदर्श वायू नसल्याने आणखी खाली जातो. गॅस कुठेही गेलेला नाही, फक्त निवला आहे. शिवाय सीएनजी किलोवर विकतात, त्यामुळे जेवढा आत गेला तेवढ्याचेच पैसे लागतात. नुकसान होतं ते वेगळं: पल्ला कमी होतो आणि रांगेत पुन्हा लवकर उभं राहावं लागतं.

आदिलाबादला मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, थंडीत रात्री १० च्या खाली येतो. टाकीतला गॅस ४५ अंशांवर असेल, तर त्याच दाबाला तो १० अंशांच्या मानाने निदान ११ टक्के कमी मावतो.

म्हणून जमलं तर पहाटे भरावा. पण "अजून थोडा मार" असा आग्रह कधीच धरू नये. जादा भरलेली टाकी उन्हात तापली की दाब मर्यादेबाहेर जाऊ शकतो. दर ३ वर्षांनी होणारी टाकीची दाबचाचणीही टाळू नये. मामाला मी एवढंच सांगितलं, "काटा नाही, किलो बघत जा."