जुन्या संगणकाला नवी पेटी

संगणकाचे कॅबिनेट म्हणजे नुसती पत्र्याची पेटी, अशी आपली समजूत असते. जुने यंत्र नव्या पेटीत बसवावयास घेतले की ती टिकत नाही. इंटेलने १९९५ साली आणलेल्या एटीएक्स प्रमाणानुसार पूर्ण मदरबोर्ड ३०५ बाय २४४ मिलिमीटरचा; त्यामुळे भोके सहसा जुळतात. खरा धोका बोर्डाखालच्या पितळी खुंट्यांचा. भोक नाही तेथे एखादी खुंटी राहिली, तर ती बोर्डाच्या पाठीवरील जोडांना टेकते आणि शॉर्ट सर्किट होऊन बोर्ड जळू शकतो. म्हणून मी आधी भोके मोजतो, मग खुंट्या, स्क्रू त्यानंतर. त्याहीआधी हार्ड डिस्कवरील टिपणांची, प्रबंधाची नक्कल काढून ठेवावी, हे सांगावयास नकोच.

नव्या पेटीत एसएमपीएस बहुधा तळाशी बसतो. जुन्याची प्रोसेसरकडे जाणारी वायर वरच्या कोपऱ्यापर्यंत पुष्कळदा पोचतच नाही! पुढच्या यूएसबीचा प्लग १९ पिनांचा, जुन्या बोर्डावर जागा ९ पिनांची. तेथे ॲडॉप्टर लागतो. सीडी ड्राइव्हला तर हल्लीच्या बहुतेक पेट्यांत खणच नसतो, काच मात्र भरपूर. (ती कोणी पाहावयाची, कोण जाणे.) कंपनीच्या तयार संगणकात चालू-बंद बटणाचा जोडही कधीकधी स्वतःच्याच तऱ्हेचा असतो. तेव्हा पेटी विकत घेण्यापूर्वी जुना संगणक उघडून पाहावा. जोड निराळा दिसला, तर जुनीच पेटी पुसून वापरावी.