प्लग-इन हायब्रिड मोटारींचा इंधनखप : प्रमाणित आकडे आणि रस्त्यावरील वास्तव

प्रस्तावना :

मोटारीचा प्रयोगशाळेत मोजलेला इंधनखप आणि रस्त्यावर प्रत्यक्ष होणारा खप यांत अंतर असते, ही बाब आता सर्वपरिचित आहे. चढ, गर्दी, वातानुकूलन, चालकाची घाई या गोष्टी प्रयोगशाळेत पुरेशा उतरत नाहीत. परंतु प्लग-इन हायब्रिड म्हणजे पेट्रोल इंजिनाच्या जोडीला बाहेरून चार्ज करता येणारी बॅटरी असलेल्या मोटारींच्या बाबतीत हे अंतर इतके मोठे आहे की त्याचे कारण अन्यत्र शोधावे लागते. युरोपीय आयोगाने मार्च २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात २०२१ साली नोंदणी झालेल्या सुमारे ६ लाख वाहनांच्या नोंदी तपासण्यात आल्या. साध्या पेट्रोल-डिझेल मोटारींचा प्रत्यक्ष खप प्रमाणित आकड्यापेक्षा सुमारे २० टक्क्यांनी अधिक आढळला. प्लग-इन हायब्रिडचा मात्र सुमारे साडेतीन पट. शंभर किलोमीटरला सुमारे १.७ लिटर पेट्रोल लागेल असे कागदोपत्री असताना प्रत्यक्षात ६ लिटरच्या आसपास लागत होते. आपल्याकडच्या भाषेत सांगायचे तर लिटरला ५९ किलोमीटरचे ‘अॅव्हरेज’ अपेक्षित असताना १७ मिळत होते. हे असे का घडते, याचा विचार प्रस्तुत लेखात युरोपच्या संदर्भात केला आहे.

प्रमाणित आकड्याची घडण :

साध्या मोटारीचा प्रमाणित आकडा हे एका यंत्राचे मोजमाप असते. प्लग-इन हायब्रिडचा आकडा तसा नसतो. ही मोटार भरलेल्या बॅटरीवर जवळजवळ पेट्रोलशिवाय चालते. बॅटरी उतरल्यावर ती साध्या हायब्रिडसारखी, पण अधिक वजन वाहत, पेट्रोल जाळू लागते. या दोन खपांची सरासरी काढायची, तर मालक मोटार किती वेळा चार्ज करील हे आधी ठरवावे लागते. म्हणजे मोजमापाच्या मध्यभागी मनुष्यस्वभावाविषयीचे एक गृहीतक येऊन बसते.

जुन्या एनईडीसी चाचणीत हे गृहीतक अत्यंत ढोबळ होते. बॅटरी संपल्यानंतर पुन्हा चार्ज करेपर्यंत चालक सरासरी २५ किलोमीटरच पेट्रोलवर जाईल, असे त्यात मानले होते. २०१३ पासून युरोपात विकल्या गेलेल्या मित्सुबिशी आउटलँडर पीएचईव्ही या मोटारीचे उदाहरण घेता येईल. तिचा विजेवरील पल्ला ५२ किलोमीटर आणि प्रमाणित खप शंभर किलोमीटरला १.९ लिटर होता. सूत्रानुसार ५२ किलोमीटर शून्य खपाचे व २५ किलोमीटर पेट्रोलचे, असे एकूण ७७ किलोमीटर धरावयाचे. यावरून उलट हिशेब केल्यास बॅटरी उतरलेल्या अवस्थेत, त्याच सौम्य चाचणीतही, मोटारीला शंभर किलोमीटरला सुमारे ५.९ लिटर लागत होते असे दिसते. हाच पल्ला १०० किलोमीटरचा केला असता तर इंजिनात तसूभरही सुधारणा न करता प्रमाणित खप १.२ लिटरवर आला असता. २०१७ पासून लागू होत गेलेल्या डब्ल्यूएलटीपी चाचणीने ‘उपयोग-गुणक’ वापरून हे गणित अधिक शास्त्रीय केले खरे. तथापि लोक मोटार नियमितपणे चार्ज करतात, ही मूळ धारणा कायम राहिली.

चार्जिंग कोण करतो ?

जर्मनीतील फ्राउनहोफर आयएसआय आणि आयसीसीटी या संस्थांनी २०२२ मध्ये युरोपातील सुमारे ९,००० मोटारींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात खासगी मालकांच्या मोटारींचे ४५ ते ४९ टक्के अंतर विजेवर कापले गेल्याचे, तर कंपनीने कर्मचाऱ्यास दिलेल्या मोटारींचे अवघे ११ ते १५ टक्के अंतर विजेवर कापले गेल्याचे आढळले. खासगी मोटारींचा खप सुमारे ४ ते ४.४ लिटर होता, तर कंपनीच्या मोटारींचा ७.६ ते ८.४ लिटर.

यंत्र तेच, रस्ते तेच. मग ही तफावत कशामुळे? तिचे उत्तर बव्हंशी पैसा कोणाच्या खिशातून जातो यात आहे. कंपनीच्या मोटारीसाठी कर्मचाऱ्यास बहुधा इंधनकार्ड मिळते; पेट्रोलचे बिल कंपनी भरते. घरी चार्ज केल्यास विजेचे बिल मात्र, तशी वेगळी सोय नसल्यास, कर्मचाऱ्याच्याच माथी बसते. अशा स्थितीत रोज रात्री वायर जोडण्याचे कष्ट त्याने का घ्यावेत ? त्यातून या मोटारी लांबच्या प्रवासाला अधिक जातात, तेथे पन्नास किलोमीटरचा पल्ला तासाभरातच संपतो.

अशी मोटार मुळात निवडली गेली ती करसवलतीमुळे. नेदरलँड्समध्ये २०१३ साली घेतलेल्या, किलोमीटरला ५० ग्रॅमहून कमी कार्बन डायऑक्साइड सोडणाऱ्या मोटारीच्या खासगी वापरापोटी कर्मचाऱ्याच्या करपात्र उत्पन्नात काहीच भर पडत नसे. आउटलँडरचा प्रमाणित आकडा होता ४४ ग्रॅम. टीएनओ या डच संशोधनसंस्थेने इंधनकार्डांवरील नोंदी तपासल्या, तेव्हा प्रत्यक्ष खप त्याच्याशी जुळेना. पुढे ही सवलत टप्प्याटप्प्याने आटत गेली. २०१७ पासून अशा नव्या मोटारींना सर्वसाधारण २२ टक्क्यांचा दर लागू झाला. ब्रिटनने २०१८ मध्ये प्लग-इन हायब्रिडचे खरेदी-अनुदान बंद केले, तर जर्मनीने ते २०२२ च्या अखेरीस थांबविले. उत्पादकांचा लाभही लहान नव्हता. २०२० पासून लागू झालेल्या ९५ ग्रॅमच्या सरासरी मर्यादेपलीकडील प्रत्येक ग्रॅमला, विकलेल्या प्रत्येक मोटारीमागे ९५ युरो दंड होता; आणि ५० ग्रॅमखालील मोटार त्या वर्षी सरासरीत दोनदा मोजली जाई.

सर्व दोष चालकाचा, असे मात्र म्हणता येत नाही. अनेक मोटारींत विजेची मोटर दुबळी असते. चढावर वा वेगाने पुढे जाताना बॅटरी भरलेली असूनही इंजिन सुरू होते. कडाक्याच्या थंडीत केवळ गाडीचा अंतर्भाग उबदार करण्यासाठीही काही मोटारींचे इंजिन चालू होते. जलद चार्जिंगची सोय पूर्वीच्या बहुतेक मोटारींत नव्हती.

गृहीतकाची दुरुस्ती :

२०२१ पासून युरोपातील प्रत्येक नव्या मोटारीत प्रत्यक्ष खपाची नोंद ठेवणारी यंत्रणा सक्तीची झाली. वर उल्लेखिलेला आयोगाचा अहवाल तिच्याच नोंदींवर उभा आहे. याच काळात उपयोग-गुणक बदलण्याचेही ठरले. विजेवर ६० किलोमीटरचा पल्ला असलेल्या मोटारीचे सुमारे ८० टक्के अंतर विजेवर कापले जाते, असे पूर्वी धरले जाई. नव्या प्रकारच्या मोटारींना २०२५ पासून लागू झालेल्या नियमात हा वाटा निम्म्याच्या आसपास आला, आणि २०२७ च्या टप्प्यासाठी तो एक तृतीयांशाच्या जवळपास ठरविण्यात आला. या बदलाने त्याच मोटारीचा कागदोपत्री कार्बन डायऑक्साइड दुपटीहून अधिक होतो. साहजिकच उत्पादकांचा त्याला विरोध आहे. नव्या मोटारींचा पल्ला वाढला असून त्यांना जुन्या वापराच्या आधारे जोखू नये, हा त्यांचा युक्तिवाद अगदीच निराधार नाही. मात्र पल्ला वाढविण्यासाठी बॅटरी मोठी करावी लागते, तिच्याबरोबर वजन वाढते, आणि ती चार्ज न करणाऱ्याच्या मोटारीला त्या वजनापोटी अधिकच पेट्रोल लागते. घरच्या चार्जिंगचे पैसे कर्मचाऱ्यास परत मिळावेत व इंधनकार्डावर मर्यादा असावी, ही मागणी त्यामानाने कमी खर्चाची आहे. तिचा निर्णय मात्र चाचणीच्या नियमांत नव्हे, तर कंपन्यांच्या लेखाविभागात व त्या त्या देशाच्या करकायद्यात व्हावयाचा आहे.