ताट तिचं, पंगत सगळ्यांची

ठाणे जिल्ह्यातल्या कुपोषणाची गोष्ट जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीच्या १९९२मधल्या बालमृत्यूंपासून सांगायची रीत आहे. हा तालुका तेव्हा ठाण्यातच होता. १ ऑगस्ट २०१४ला पालघर वेगळा झाला आणि ठाणे जिल्हा म्हणजे नुसती शहरं, असा पुष्कळांचा समज झाला. शहापूर-मुरबाडमधले ठाकूर, कातकरी, महादेव कोळ्यांचे पाडे मात्र होते तिथेच राहिले.

नोव्हेंबर २०१५मध्ये राज्याच्या आदिवासी भागांत अमृत आहार योजना आली. शेवटच्या तिमाहीतली गरोदर बाई आणि बाळंतपणानंतर काही महिने आई, यांना एक वेळचं पूर्ण जेवण. भाकरी किंवा चपाती, भात, डाळ, पालेभाजी, गूळ-शेंगदाण्याचा लाडू, अंडं. सुरुवातीला ताटामागे २२ रुपये. एवढ्यात काय शिजणार, हा आक्षेप रास्तच होता; दर पुढे वाढवावा लागला. पण योजनेतली खरी अक्कल ताटापेक्षा अंगणवाडीतच बसून जेवण्याच्या अटीत होती. घरी नेलेल्या पाकिटाचे वाटे पडतात. सासरा, नवरा, पोरं यांना वाढून उरलं तर तिचं. अंगणवाडीत पुढ्यातलं ताट तिचंच, आणि शेजारी तशाच दोघी-तिघी. पाय कुणाचे सुजलेत, अंड्याचा वास कुणाला सोसत नाही, हे तिथे आपसूक निघतं. सेविकेनं तक्ता दाखवून जे गळी उतरत नाही, ते शेजारणीला खाताना बघून उतरतं.

मार्च २०२०मध्ये अंगणवाड्या बंद झाल्या आणि कोरडा शिधा घरपोच सुरू झाला. धान्य मिळालं, हे कमी नव्हे. पंगत मात्र मोडली, आणि वाटे पुन्हा चुलीपाशी पडू लागले.

स्वयंपाक शिकवण्याचे कार्यक्रमही या काळात वाढले. २०१८पासून सप्टेंबरात पोषण माह, त्यात पाककृती स्पर्धा. २०२३ हे भरडधान्यांचं वर्ष, म्हणून नाचणीचं कौतुक. ज्यांच्या आज्यांनी माळावर नाचणी पिकवली आणि ती गरिबाची भाकरी म्हणून ऐकून घेतलं, त्यांनाच नाचणीचे गुण समजावून सांगायचे, यातली गंमत व्यासपीठावर कुणाला जाणवत असेल का, कोण जाणे.

मुरबाडात मात्र हा वर्ग उलटा भरला. श्रमिक मुक्ती संघटना आणि वन निकेतन यांनी, इंदवी तुळपुळे यांच्यासारख्या कार्यकर्त्यांच्या पुढाकारानं, रानभाज्यांचे महोत्सव घेतले. तिथे शिकवणाऱ्या पाड्यावरच्या बाया आणि ऐकणारे शहरातून आलेले. शेवळंच घ्या. पहिल्या पावसाच्या सुमाराला जमिनीतून वर येणारा हा कोंब नीट साफ केला नाही तर घसा खाजून जीव नकोसा होतो. वरची पानं सोलायची, आतल्या दांड्याचा बुडाशी असलेला पिवळा भाग टाकायचा, उरलेलं बारीक चिरायचं आणि काकडाची आंबट फळं उकडून, ठेचून त्यात घालायची. काकड नसेल तर चिंच. म्हणून शेवळं विकणारी बाई जुडीसोबत काकडंही देते. कल्याण-डोंबिवलीचे सीकेपी आणि पाठारे प्रभू ही भाजी कोलंबी किंवा खिमा घालून हौसेनं खातात. तोडणारीला तिची चव कुणी विचारली नव्हती. या महोत्सवांत ती विचारली गेली. २०२०पासून कृषी विभागही ९ ऑगस्टच्या आदिवासी दिनानिमित्त ठिकठिकाणी रानभाजी महोत्सव भरवतो. भाजीला बाजार मिळाला हे चांगलंच. फक्त मागणी वाढली की टाकळा-कुर्डू घरच्या टोपात शिजतात की सगळे टोपलीत जातात, हे तपासायला हवं.

दिवाळी झाली की या पाड्यांवरची कितीतरी कातकरी कुटुंबं उचल घेऊन भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाळ्याच्या तोंडावर परततात. अंगणवाडीच्या पटावर नाव शहापूर-मुरबाडच्या पाड्यावर आणि बाई भट्टीवर. तिचं ताट तिच्यामागून तिकडे पोचलं पाहिजे, हे काम दहा वर्षांनंतरही अर्धवट आहे.